चढायला गेलं की घोडा चालू लागतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

एक पाय रिकिबीत, दुसरा जमिनीवर, आणि घोडा निघाला. स्वार लंगडी घालत त्याच्या मागे. स्वारी शिकवणाऱ्याला हे दृश्य पाठ असतं. माझ्याकडे दुसऱ्यांचे घोडे ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांत ही पहिल्या नंबरची. मालक सांगतात, "बाकी अगदी गुणी आहे हो, फक्त चढू देत नाही." मग कुणी त्याला उर्मट ठरवतं, कुणी लाडावलेला.

माझा अनुभव वेगळा आहे. अशा घोड्याचं एक तर काहीतरी दुखत असतं, नाहीतर आपणच त्याला चालायला शिकवलेलं असतं. कधीकधी दोन्ही. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, मग खर्चिक, आणि शिकवणं त्यानंतर. दुखणाऱ्या घोड्यालाही दटावून उभं करता येतं. तो उभा राहील, आणि मग एक दिवस पूर्वसूचना न देता तुम्हाला उडवेल.

आधी लक्षणं

"चढू देत नाही" ही तक्रार झाली. लक्षण म्हणजे तो नेमका कोणत्या क्षणी हलतो ते. दोन-तीन दिवस काहीही न बदलता फक्त बघा आणि लिहून ठेवा.

– खोगीर येताना दिसलं की कान मागे, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना पोटाकडे तोंड वळवून चावायचा आव, शेपटीचे झटके. इथे चढण्याचा प्रश्नच नाही, दुखणं आधीपासून सुरू झालंय. थेट साज आणि शरीर या भागांकडे जा.

– तुम्ही ठोकळ्यावर (घोड्यावर चढायला पायाखाली घ्यायची उंच पायरी) चढलात की तो मागचा भाग लांब फिरवतो आणि तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो. बहुतेक वेळा ही शिकलेली युक्ती असते. हलल्यावर माणूस खाली उतरतो हे त्याला कळलंय.

– रिकिबीत पाय घातला की पुढे. तुमच्या बुटाचं टोक आणि तुमचा लगामाचा हात संशयित.

– वजन पडताना एकच पाऊल डावीकडे टाकतो आणि थांबतो. हा गुन्हा नाही. तो तोल सावरतोय.

– तुम्ही बसल्यावर लगेच निघतो. सवय. आणि ही सवय लावणारा घोड्यावरच बसलेला असतो.

– बसताच पाठ खाली दबते, किंवा उलट कमानीसारखी वर येते, पहिली काही पावलं ताठ, आखडलेली. इथे थांबा. हे प्रशिक्षणाचं काम नव्हे. शेवटचा भाग आधी वाचा.

आणखी एक नोंद करा: हे पहिल्यापासून आहे की अलीकडे सुरू झालं? वर्षानुवर्षं खांबासारखा उभा राहणारा घोडा पंधरा दिवसांपूर्वी हलायला लागला असेल, तर तो बिघडलेला नाही. काहीतरी बदललंय. नवं खोगीर, नवा नाल, नवा स्वार, खुराकात वाढ, नाहीतर दुखापत.

फुकटची तपासणी: जागा आणि वेळ

घोड्याचं तोंड कुठे आहे? दाराकडे, तबेल्याकडे, की पुढे निघालेल्या सोबत्यांकडे? कळपाचं जनावर आहे. बरोबरचे दोन घोडे निघून गेले आणि तुम्ही याला म्हणताय उभा राहा. तोंड उलटीकडे करा, सोबत्यांना थांबायला सांगा. निम्मी तक्रार इथेच विरघळली तर पुढचं सगळं सोपं आहे.

कुणी डोकं धरून उभं राहत असेल तर ती व्यक्ती कुठे उभी आहे ते बघा. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, सुमारे ३५० अंश, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही. नेमकं तिथेच, नाकासमोर, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) दोन्ही हातांनी लगाम घट्ट धरून उभा असतो. घोडा डोकं उडवतो, मोतद्दार आणखी घट्ट धरतो. धरायचंच असेल तर खांद्याजवळ, बाजूला उभं राहून, मोरखीच्या (बिट नसलेल्या, डोक्याला बांधायच्या पट्ट्याच्या) दोरीला सैल हात लावून. तोंडातल्या बिटला, म्हणजे लगामाच्या लोखंडी दांडीला, लटकू नये.

शेवटचा प्रश्न: हा घोडा दिवसातले किती तास मोकळा असतो? तेवीस तास बंद खणात आणि वर भरपूर दाणा, अशा घोड्याने चोविसाव्या तासाला पुतळ्यासारखं उभं राहावं ही अपेक्षा मला तरी कळत नाही. काही दिवस जास्त वेळ मोकळं सोडून बघा. दाणा कामाच्या प्रमाणात आणा, चारा कमी करू नका.

फुकटची तपासणी, पण जिव्हारी लागणारी: स्वार

फोन कुणाच्या तरी हातात द्या आणि स्वतः चढतानाचं चित्रण करून घ्या. एकदा बाजूने, एकदा मागून. मग हळू गतीने बघा. मी हे सुचवलं की लोकांचा चेहरा पडतो, पण यातून जितकं सुटतं तितकं दुसऱ्या कशातून सुटत नाही.

बुटाचं टोक बघा. चढताना शरीर वळतं तेव्हा डावा चवडा बरगड्यांत, तंगाच्या मागे रुततो. घोड्याला आपण काय शिकवलंय? तिथे पायाचा दाब म्हणजे पुढे चल. तो आज्ञा पाळतो आणि वर ओरडा खातो. चवडा घोड्याच्या खांद्याच्या दिशेला फिरवा किंवा खोगिराला समांतर ठेवा.

लगाम बघा. डावा लगाम आखूड असेल तर घोडा तुमच्याभोवती गोल फिरेल. दोन्ही ताणलेले असतील तर मागे सरकेल, डोकं वर घेईल. लोंबते असतील तर त्याला थांबवणारं काहीच नाही. दोन्ही लगाम सारख्या लांबीचे, तोंडाशी नुसता स्पर्श राहील इतकेच घेतलेले आणि त्याच हातात आयाळीचा एक झुपका. आयाळ धरल्याचा फायदा असा की तोल गेला तर तुम्ही लगामाला लटकत नाही.

उजवा हात बघा. खोगिराचा मागचा उंचवटा पकडून स्वतःला वर ओढताय? त्याने खोगीर मणक्यावर तिरकं फिरतं आणि कालांतराने खोगिराचा आतला सांगाडाही पिळवटतो. हात पुढे, खोगिराच्या उजव्या बाजूला ठेवा.

आणि बसणं बघा. धप्पकन बसताय की उतरताय? उजवा पाय पलीकडे गेला की क्षणभर रिकिबीत उभं राहून, मग हळूच टेकायचं. पिठाचं पोतं टाकल्यासारखं रोज कुणी पाठीवर पडत असेल तर कोणीही सरकेल. उजव्या पायाची टाच जाताजाता घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भागावर, घासते का, हेही पाहून घ्या.

एक आडवळण घेते, कारण ते इथेच बसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. टापा आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं आणि अंग नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं पाहून घोडा थांबायचा. त्या माणसांना स्वतःलाही ते हलणं ठाऊक नव्हतं. आता विचार करा: जो प्राणी एवढं टिपतो, त्याला तुमचा रोखलेला श्वास आणि "आता हा हलणार" म्हणून आवळलेली मूठ कळत नसेल? माझ्याकडच्या एका घोडीवर एक बारा वर्षांची मुलगी निवांत चढायची. तिचे वडील पुढे झाले की ती घोडी निघायची. वडिलांच्या चित्रणात दिसलं की ते रिकीब हातात घेण्याआधीच लगाम आवळत होते.

चढण्याआधी एक दीर्घ उच्छ्वास सोडा. वेडगळ वाटतं, पण सोडा.

स्वस्तातली तपासणी: ठोकळा आणि चार पाय

जमिनीवरून चढण्याचा अट्टहास सोडा. जमिनीवरून चढताना तुमचं बरंचसं वजन एका रिकिबीला लटकतं, खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि त्याचा पुढचा उजवा भाग आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर दाबला जातो. खोगिराखाली दाब मोजणारी गादी ठेवून केलेल्या मोजण्यांतही हेच दिसलंय, आणि ठोकळ्यावरून चढलं की तो ताण कमी होतो. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढच्या दोन पायांच्या मध्ये त्याचं धड स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. एका बाजूने ओढलं की सगळंच कलतं.

ठोकळा पक्का हवा, डगमगणारा नको, आणि इतका उंच की रिकिबीत पाय घालताना गुडघा छातीला लागू नये. उलटं ठेवलेलं प्लास्टिकचं बादलीबिदली वापरू नका. तुम्ही पडालच, आणि बादलीच्या आवाजाने घोडा कायमचा दचकायला शिकेल.

ठोकळा असो वा नसो, पाय रिकिबीत घालण्याआधी घोड्याच्या चार पायांकडे बघा. एक पुढे, एक मागे, मागचा एक खूर टेकवून आराम करतोय, असा उभा असेल तर तुमचं वजन पडताच त्याला पाऊल टाकावंच लागेल. टाकलं नाही तर तोल जाईल. म्हणून मी खोगिराचा पुढचा भाग धरून हळूच डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा हलवते. घोडा आपोआप पाय रुंद करून ठाकठीक उभा राहतो. मग चढायचं. ही दहा सेकंदांची गोष्ट आहे आणि वजन पडताना एक पाऊल टाकणाऱ्या जवळजवळ सगळ्या घोड्यांचा प्रश्न इथे संपतो.

हे करताना स्वतःची काळजी: हेल्मेट, टाच असलेले बूट, आणि रिकीब बुटापेक्षा एकूण अडीच सेंटिमीटरभर रुंद. पाय फक्त चवड्यापर्यंत आत. घोडा निघाला आणि पाय अडकला, तर फरफट होते. बुटक्या छताखाली आणि अरुंद दारात चढू नये.

साज

तंग आधी. लोक एका दमात पूर्ण आवळतात. मी आधी खोगीर जागेवर राहील इतकाच आवळते, घोड्याला दहा-पंधरा पावलं चालवते, एक भोक वर घेते, आणि चढण्याच्या आधी शेवटचा. शेवटी पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढते, म्हणजे कोपराच्या मागे चिमटलेली कातडी सुटते. तंगाखाली हात फिरवून बघा. केस तुटलेले, गाठ, खपली, ओला चिकट चट्टा, काहीही लागलं तर स्वारी त्या दिवसापुरती बंद.

इथे माझी एक चूक सांगते. एक तपकिरी घोडा आला, पाय रिकिबीत घातला की उधळायचा. मी स्वतःवर फार खूष होते त्या काळात. अकरा दिवस त्याला उभं राहायला शिकवलं, आणि तो शिकलाही. बाराव्या दिवशी खरारा करताना कोपरामागच्या दाट केसांत बोट घातलं तर नाण्याएवढी जखम. मोतद्दाराने खराऱ्याचा हात तिथून रोज वरवर फिरवला होता, आणि मीही रोज त्याच्याच हातावर विश्वास ठेवला होता. तो घोडा अकरा दिवस दुखणं सोसून उभा राहिला. तेव्हापासून तपासणी मी माझ्याच बोटांनी करते, आणि तुम्हीही नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

मग खोगीर. नमदा (खोगिराखालची जाड गादी) काढून, नुसतं खोगीर पाठीवर ठेवून बघा. पुढची कमान आणि खालचा उंचवटा यांत दोन-तीन बोटं उभी राहायला हवीत, आणि स्वार बसल्यावरही तिथे उजेड दिसायला हवा. खोगिराच्या खालची मधली पन्हाळ मणक्याला कुठेही टेकता कामा नये. खोगीर खांद्याच्या हाडाच्या मागे बसावं आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटची बरगडी चाचपून तिथून वर पाठीकडे जाणारी रेघ खडूने काढा. त्या रेघेच्या मागचा भाग वजन पेलायला नाही. पुष्कळदा मोठ्या स्वारासाठी मोठं खोगीर घेतलं जातं आणि ते घोड्याच्या कमरेवर जाऊन बसतं.

स्वारीनंतर नमदा उलटून घामाची खूण बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच कोरडा चट्टा असेल तर तिथे दाब जास्त असू शकतो. पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस उगवले असतील, तर तिथे पूर्वी कधीतरी दाबाने इजा झालेली आहे. एकावर एक नमदे घालून खोगीर "बसवण्याचा" उपाय मला कधीच पटला नाही. आखूड बुटात जाड मोजे घातल्यासारखं होतं ते. आणि खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच असू द्या, ४०० किलोच्या घोड्याला फार तर ८० किलो.

तोंडाकडचं पटकन: नाकपट्टी नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जातील इतकी सैल, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा किंवा फोड नाहीत ना ते पाहणं. बस्स.

शरीर: तुम्ही घरी करू शकता तेवढंच

घोडा शांत उभा असताना मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, चार बोटांच्या पोटांनी, खांद्यापासून कमरेपर्यंत एकसारखा, मध्यम दाब देत जा. नखं रुतवू नका. तसं केलं तर निरोगी घोडाही दबतो. बघायचं काय? एकाच ठरावीक जागी, दरवेळी, कातडी थरथरते का, पाठ झटक्याने खाली जाते का, डोळा ताणला जातो का. दोनदा करून दोन्हीदा तीच जागा निघाली तर ती खरी.

खूर उचलून बघा, नाल ढिला आहे का, एखादा खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का. कडक जमिनीवर सरळ रेषेत चालवा आणि दुडक्या चालीने पळवा. डोकं एका पायावर खाली, एका पायावर वर असं झुलत असेल तर घोडा लंगडतोय. मग चढण्याचा विषयच संपला.

नाडी मोजायला शिका. जबड्याच्या खालच्या कडेवर बोटांना शीर लागते. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. तबेल्यात ३६ असलेली नाडी ठोकळ्याजवळ नुसतं उभं केल्यावर ६० च्या वर जात असेल, तर तो हट्ट करत नाहीये. तो घाबरलाय किंवा त्याला दुखण्याची आठवण होतेय.

पोटाचाही विचार करा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, खाल्लेलं असो वा नसो, कारण तो दिवसभर थोडंथोडं चरणारा प्राणी आहे. रिकाम्या पोटी स्वारी झाली की ते आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळतं आणि व्रण होऊ शकतात. तंग आवळताना चिडणं, दाणा अर्धवट टाकणं, वजन उतरणं, कातडीचं तेज जाणं, असं एकत्र दिसलं तर शंका घ्या. पण खात्री फक्त जठरात दुर्बीण घालूनच होते, आणि ते डॉक्टरचं काम आहे. स्वारीच्या आधी ओंजळ-दोन ओंजळ नव्हे, चांगला पेंढीभर चारा खायला देणं एवढं मात्र तुम्ही आजपासून करू शकता. ऐकीव औषधं देऊ नका.

आता शिकवणं

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तरच. आणि इथपर्यंत आलात म्हणजे दोष सवयीचा आहे, आणि सवय दोन्ही बाजूंना आहे.

घोडा दाब सुटण्यातून शिकतो. दाब दिल्यामुळे नव्हे, तो ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो जे करत असतो ते त्याच्या डोक्यात बसतं. हे वाक्य नीट पचवा, कारण यातच बिघाडाचं मूळ आहे. तुम्ही चढायला जाता, तो हलतो, तुम्ही पाय काढून खाली येता. त्याच्या लेखी हिशेब सरळ आहे: हललो, कटकट गेली. किंवा तुम्ही कसेबसे बसता, तो चालत असतोच, आणि "चला, निघालाच आहे तर" म्हणून तुम्ही स्वारी सुरू करता. हेही बक्षीसच. रोज एकदा दिलं तर वर्षाला तीनशे वेळा.

सुरुवात ठोकळ्यापासून लांब, जमिनीवर, मोरखी घालून. चालवा, थांबवा. थांबल्याबरोबर दोरी पूर्ण सैल. न सांगता एक पाऊल पुढे टाकलं तर शांतपणे एक पाऊल मागे, बरोबर त्याच जागी, आणि पुन्हा दोरी सैल. आवाज नाही, झटका नाही, राग नाही. सैल दोरीवर तो अर्धा मिनिट उभा राहिला की आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर बोटांनी चांगलं खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांची नाडी उतरते हे मोजून पाहिलेलं आहे. पाठीवर थापा मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. थापा आपल्याला आवडतात, त्याला नाही.

मग ठोकळ्यापाशी. नुसतं आणा, उभं करा, खाजवा, घेऊन जा. मग तुम्ही ठोकळ्यावर चढा आणि खाली उतरा. मग वरून खोगिरावर हात ठेवा, रिकीब उचलून खाली सोडा, तिचा आवाज होऊ द्या. मग पाय रिकिबीत, लगेच बाहेर. मग थोडं वजन, लगेच परत. मग पोटावर आडवं झुकून वजन टाकणं, परत. मग पलीकडे पाय. प्रत्येक पायरीवर एकच नियम: तो हलण्याच्या आधी तुम्ही मागे घ्या. तो सहा सेकंद टिकतो हे माहीत असेल तर चौथ्या सेकंदाला पाय काढा. तो उभा असताना दाब सुटला पाहिजे. सहाव्या सेकंदापर्यंत ताणलं आणि तो हलला, तर तुम्ही पुन्हा जुनाच धडा गिरवलात.

हललाच तर? तुम्ही ठोकळ्यावरच राहा. खाली उतरू नका, त्याच्या मागे धावू नका. लांब दोरी किंवा लगामाने त्याला परत जागेवर आणा, चार पाय नीट करा, एक पायरी सोपी करून पुन्हा करा. इथे लोकांचा धीर सुटतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घोडा आधीपेक्षा जास्त हलतो. घाबरू नका. जी युक्ती आजवर चालत होती ती बंद पडली, म्हणून तो ती जोराने करून बघतोय. अडकलेलं दार आपणही आधी जोरात ढकलतो, मग किल्ली शोधतो.

पाय पलीकडे गेला आणि तुम्ही बसलात की काम अर्धंच झालं. बसा, लगाम लांब सोडा, मनात वीसपर्यंत मोजा. रिकिबी ठीक करा, आयाळ विंचरा, काहीही करा, पण निघू नका. मी खिशातून गाजराचा तुकडा काढून खोगिरावरूनच देते, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मान वळवून खायचं म्हणजे पाय थांबवावेच लागतात, आणि आठवड्याभरात घोडा मी बसताच मान वळवून वाट बघायला लागतो. काही जुन्या शिक्षकांना हे लाड वाटतात. वाटोत. सुरुवातीचे काही दिवस तर बसा, थांबा आणि उतरा, स्वारीच करू नका. पाठीवर माणूस बसला म्हणजे कष्ट सुरू, ही गाठ सुटली पाहिजे.

एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. उजव्या बाजूनेही सगळं करा, त्याच्या आणि तुमच्याही पाठीसाठी. नव्या सवयीला माझ्याकडे चार-पाच दिवस लागतात, अनेक वर्षं मुरलेल्या सवयीला तीन आठवडे. आणि त्या काळात घोड्यावर चढणारा प्रत्येक माणूस हेच करणारा हवा. पाच जण पाच पद्धतींनी चढत असतील तर सुरूच करू नका.

हे करू नका

चढण्याआधी लांब दोरीवर गोल फिरवून दमवणं: महिन्याभरात तुमच्याकडे तोच घोडा असतो, फक्त जास्त ताकदीचा. हलला की चाबूक: आता ठोकळ्यापाशी दुखतं हे त्याला पक्कं कळलं. भिंतीला चिकटवून चढणं: अडचणीत चालतं, पण घाबरट घोडा तुमचा गुडघा आणि भिंत यांत भेद करत नाही. कुणी तरी कायम धरून ठेवणं: ही कुबडी आहे, माणूस नसेल त्या दिवशी काय?

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

खालचं काहीही दिसलं तर चढणं त्याच क्षणी बंद आणि आधी जनावरांचा डॉक्टर, तोही शक्यतो घोडे बघणारा:

– तंग आवळताना गुडघे दुमडणं, लटपटणं किंवा खाली बसणं. सगळ्यांना बाजूला करा, शांतपणे तंग ढिला करा.
– बसताच पाठ दबणं, उसळ्या मारणं, मागच्या पायांवर उभं राहणं.
– लंगडणं, सूज, गरम खूर, दोनदा सापडलेली दुखरी जागा.
– अचानक सुरू झालेला बदल, विशेषतः पडल्यानंतर किंवा मानेला झटका बसल्यानंतर.
– दाणा टाकणं, वजन उतरणं, वरचेवर पोटदुखी.

स्वारीतही शंका वाटत असेल तर डॉक्टरला हेही सांगा की नेमकं काय काय दिसतं. डॉ. स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी आहे: कान मागे राहणं, तोंड वारंवार उघडणं, शेपटी झोडणं, ठेचकाळणं वगैरे. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातलं बरंच त्या यादीत सापडतं.

डॉक्टरने शरीर स्वच्छ सांगितलं आणि खोगिराबद्दल शंका उरली, तर खोगीर बसवणारा जाणकार. खुरांबद्दल असेल तर नालबंद. आणि सगळं ठीक असूनही तीन आठवड्यांत फरक नाही, किंवा तुम्हालाच चढण्याची भीती बसली आहे, तर प्रशिक्षक. भीती लपवून चढू नका, हान्सची गोष्ट आठवा. प्रशिक्षक निवडताना त्याला आधी तुमच्या घोड्यावर नव्हे, त्याच्या स्वतःच्या घोड्यावर चढताना बघा. आणि त्याने आल्या आल्या साज न तपासताच चाबूक मागितला, तर चहा पाजून परत पाठवा.

डॉक्टरला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: कधीपासून, कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूला, काय बदललं होतं, निवांत असतानाची आणि ठोकळ्याजवळची नाडी, आणि चढतानाचं चित्रण. चित्रण सगळ्यांत वाईट प्रयत्नाचं द्या. लोक शरमेने त्यातल्या त्यात बरा प्रयत्न पाठवतात, आणि डॉक्टर बिचारा शांत उभ्या घोड्याकडे बघत बसतो.